यादीत नसलेलं धडाम

पैज लागली ती जिन्यात. रविवारची दुपार, लिफ्ट बंद, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतःच दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर धापा टाकत बसलेला. त्याच्या शेजारी चष्मेवाला, आणि एक पायरी खाली धबाक. तिघंही सिनेमा बघून आले होते आणि तिघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली होती.

धबाक हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते बिल्डिंगनं ठेवलं होतं. गेली अठ्ठावीस वर्षं हा माणूस सिनेमात मारामारीचे आवाज भरत होता. पडद्यावर हीरो बुक्की मारतो, पण त्या बुक्कीला आवाज असतो तो एका बंद खोलीत माईकसमोर उभ्या असलेल्या धबाकच्या ओल्या टॉवेलचा. हाड मोडलं की गाजर, डोकं आपटलं की कोबी. हजारो गुंड त्यानं लोळवले होते. स्वतः मात्र जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. एकदा गाडी लावण्यावरून एकाशी जुंपली, तेव्हा 'बघून घेईन' असं दरडावून म्हणाला आणि चष्मा राहिला म्हणून घरी गेला, तो खाली आलाच नाही.

तर त्या दुपारी चष्मेवाल्याचं डोकं फिरलं होतं. दोन तास तो व्हिलन काय हुशारी करत होता, म्हणे. उपग्रह हलवले, बँका बुडवल्या, हीरोच्या भावाला फितवलं. आणि शेवटी काय, तर बंद पडलेल्या कारखान्यात शर्ट काढून कुस्ती, आणि मग उंचावरून पडून मेला. एवढा शहाणा माणूस कठड्याला टेकून उभाच का राहतो? लिफ्टवाल्याचं म्हणणं, पडायला हरकत नाही, पण निदान देखभाल केलेल्या कठड्यावरून पडावं. धबाकनं धंद्यातली गोष्ट सांगितली, की शेवटच्या मारामारीपर्यंत सगळ्यांचा दम संपलेला असतो. लेखकाचा आधी, मग हीरोचा. उरतो तो एकटा आपण, अकरा मिनिटं टॉवेल आपटत.

“मग तुझाच दोष,” चष्मेवाला म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं तोच टॉवेल.”

हे धबाकला लागलं. लागलं की तो हसायचा, तसा हसला. म्हणाला, अरे, आवाजाकडे कुणाचं लक्ष असतं? उद्या शेवटच्या मारामारीत मी आपल्या बिल्डिंगमधले आवाज घातले ना, तुझ्या चष्म्याच्या डबीपासून याच्या लिफ्टपर्यंत, तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही.

झालं. खाजवून खरूज काढली. जिन्यातच अटी ठरल्या. बारा आवाज, सगळे बिल्डिंगमधलेच, त्यांची यादी बंद पाकिटात. पाकीट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे, कारण काकूंचा कुणावर विश्वास नव्हता आणि काकूंना काही विचारायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येकाला एकच अंदाज. एक जरी बरोबर आला तरी धबाक हरला. आणि चष्मेवाल्यानं, तो नियमांचा किडा असल्यामुळे, बोट वर करून आणखी एक कलम घातलं: यादीत नसेल ते धरायचं नाही.

शिक्षाही त्यानंच काढली. हरेल त्यानं रविवारी सकाळी बिल्डिंगच्या फाटकापाशी, सगळ्यांदेखत, जिंकणाऱ्याच्या हातून स्लो मोशनमध्ये मार खायचा. आवाज स्वतःच्या तोंडानं काढायचे. आणि पडल्यावर उठायचं नाही, जिन्याखालच्या पाटीवरची सगळ्या घरांची नावं वाचून होईपर्यंत. हा शेवटचा टोमणा धबाकला बरोबर कळला. सिनेमात त्याचं नाव येतं ते सगळ्यात शेवटी, जेव्हा लोक बाहेर पोचलेले असतात आणि झाडूवाला तिसऱ्या रांगेत असतो.

घरी येऊन त्यानं बायकोला हे सांगितलं. बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. दिवसभर कानाला फोन, कुणाचं रडणं, कुणाचं ओरडणं, कुणाला वॉर्ड सापडत नाही, तर कुणाला डॉक्टर. ती त्याचे सिनेमे बघत नसे. रविवारची ड्यूटी हे कारण सांगायची, आणि फारच आग्रह झाला तर म्हणायची, जगाला ऐकवणारा माणूस घरात आहे तेवढा पुरे, त्याला स्वतःला काही ऐकू येत नाही ते सोडा.

हे वाक्य ती गेली एकोणीस वर्षं म्हणत होती, आणि एकोणीस वर्षं धबाक त्यावर कान खाजवत खिडकीबाहेर बघत होता.

त्याचं असं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी धबाक घरातच काम करत बसला होता. वेताच्या खुर्चीच्या करकरीचा आवाज हवा होता आणि स्टुडिओतल्या खुर्च्या सगळ्या लोखंडी. कानाला हेडफोन, समोर यंत्र, माईक खुर्चीखाली. बायको काहीतरी बोलत होती. आधी साधं, मग चढ्या आवाजात. तिच्या आईच्या ऑपरेशनला तुम्ही येणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो ती तिसऱ्यांदा विचारत होती. त्यानं हातानंच ‘थांब’ म्हटलं. मग ती बॅग घेऊन निघाली आणि दरवाजा आपटला.

अकरा दिवस ती आईकडे होती. बाराव्या दिवशी आली, पाणी भरलं, कामाला लागली. त्यावर पुढे कुणीच काही बोललं नाही. मोठा हिशेब व्हायचा होता तो झालाच नाही. तिची समजूत एकच: एवढ्या जोरात दार आपटलं, तरी या माणसानं मान वर केली नाही. त्याला ऐकूच आलं नाही.

पुढच्या चार आठवड्यांत धबाकचा उत्साह बघण्यासारखा होता. हातात आला होता तो सिनेमाही तसाच, व्हिलन हुशार आणि शेवट सिमेंटच्या कारखान्यात. चष्मेवाल्याच्या डबीचा ‘टक्’ त्यानं बरगडी मोडायला वापरला. लिफ्टच्या दाराचं केकाटणं व्हिलनच्या किंकाळीत मिसळलं. काकूंचा सकाळचा खोकला, तो दोन टप्प्यांत येणारा, बंदूक भरायला अगदी चपखल बसला. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढताना जी गुरगुर होते ती मारेकऱ्याच्या पोटात घातली. दिग्दर्शकानं ऐकून मान डोलावली आणि म्हणाला, या वेळी जरा जिवंत वाटतंय. धबाक बाहेर येऊन एकटाच पाच मिनिटं हसला.

राहिलं होतं फक्त शेवटचं पडणं. अकराव्या मजल्यावरून सिमेंटच्या जमिनीवर. त्यासाठी त्यानं बिल्डिंगमधलं पाण्याचं पिंप आपटून आवाज भरून आणला होता, पण ते पोकळ वाजलं. वेळ कमी. मग हात सवयीनं जुन्या टेपांच्या पेटीकडे गेला आणि त्यानं ते जुनं धडाम काढलं, जे अडल्यावेळी तो नेहमीच काढायचा. यादीत बारा भरले होतेच. पिंप खोडलं, त्या जागी बेसिनची गळती लिहिली, पाकीट बंद केलं.

सिनेमाला बारा-पंधरा जण गेले. बायकोची त्या रविवारी नेमकी सुट्टी होती आणि चष्मेवाल्यानं तिला ओढून आणलं, म्हणाला, वहिनी, तेवढाच एक अंदाज जास्त. ती धबाकच्या शेजारी बसली आणि मांडीवर पर्स ठेवून बस येण्याची वाट बघावी तशी पडद्याकडे बघू लागली.

चष्मेवाल्यानं वही आणली होती. अंधारात वही कशाला, हे त्याला आत आल्यावर सुचलं. शेवटची मारामारी सुरू झाली तसा तो खुर्चीच्या टोकावर आला आणि पहिलीच गोळी सुटली तेव्हा धबाकच्या कानात म्हणाला, माझी स्कूटर. धबाकनं मान हलवली. ती गोळीच होती. बिचाऱ्याचा अंदाज असा फुकट गेला, आणि पुढच्याच मिनिटाला त्याच्या स्वतःच्या डबीनं व्हिलनची बरगडी मोडली तेव्हा तो नाक पुसत होता.

लिफ्टवाला जास्त सावध. तो थांबला, थांबला, आणि पत्रा फाटल्यासारखा आवाज आला तेव्हा छातीठोकपणे म्हणाला, हे माझं लिफ्टचं दार, ओळखलं. ते काकूंचं तवा खरवडायचं उलथनं होतं. लिफ्टचं दार त्याच्या तोंडासमोर तीनदा किंचाळून गेलं आणि तो म्हणाला, व्हिलन बरा ओरडतो हां.

काकू झोपल्या होत्या. पण पडद्यावर मारेकऱ्यानं बंदूक भरली, आणि काकू खडबडून जाग्या झाल्या. “कोण खोकतंय?” त्या म्हणाल्या. धबाक खुर्चीत खाली सरकला. पण शेजारच्यांनी काकूंना शांत केलं, कुणी नाही खोकत, झोपा तुम्ही. आणि त्या झोपल्या.

म्हणजे तो जिंकत होता. त्यानं मागे वळून हॉलभर नजर टाकली. एक जण फोन बघत होता. एक जोडपं चपला शोधत होतं. बाहेर गाडी काढायला गर्दी होते म्हणून निम्मी रांग उठली होती. पडद्यावर दोघं जण शर्ट काढून एकमेकांना भिंतीवर आपटत होते, अख्खी बिल्डिंग त्यात खोकत होती, गळत होती, केकाटत होती, आणि कुणाच्या कानावरची माशीही हलत नव्हती. धबाकला वाटलं, आपण पैज जिंकतोय की आपलं तेरावं घालतोय? अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या जागी हवा आपटली असती तरी चाललं असतं.

मग व्हिलन कठड्याला टेकला. पडला. पडताना धबाक नेहमी दोन सेकंद सगळं शांत ठेवतो, ती त्याची खासियत. शांत. आणि मग धडाम.

धडाम, मग साखळी खळखळली, आणि मग कुठूनतरी एक स्टीलची वाटी पडून गरगर फिरत थांबली.

धबाक थिजला. वाटी तो दरवेळी कापायचा. एकोणीस वर्षांत एकदाही राहिली नव्हती. घाईत राहिली. बंद पडलेल्या सिमेंटच्या कारखान्यात, मेलेल्या व्हिलनच्या डोक्याशी, त्याच्या घरातली किल्ल्या ठेवायची वाटी फिरत होती. कुणी हसलंही नाही. दिवे लागले.

बायको पडद्याकडेच बघत होती.

“हा आपला दरवाजा,” ती म्हणाली.

बाहेरच्या हॉलमध्ये काकूंनी पाकीट फोडलं. लिफ्टवाल्यानं यादी मोठ्यानं वाचली, आणि एकेका आवाजावर लोक कपाळाला हात लावत होते. काकूंनी स्वतःचा खोकला यादीत ऐकला आणि सगळ्यांकडे असं बघितलं की तीन-चार जणांनी माफी मागितली. बारा आवाज संपले. दरवाजा त्यात नव्हता.

चष्मेवाल्याचं तोंड पडलं. कलम त्याचंच. यादीत नसेल ते धरायचं नाही, म्हणजे वहिनींचा अंदाज बाद, म्हणजे सगळेच हरले आणि धबाक जिंकला. त्यानं प्रामाणिकपणे हे बोलून दाखवलं आणि रविवारी मला हळू मार, मान धरलीय, अशी विनंतीही केली. लोक धबाकच्या पाठीवर थापा मारायला लागले.

धबाकला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच. त्यात तर तो एकोणीस वर्षं तरबेज होता. पण बायको गर्दीच्या कडेला पर्स छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर राग वगैरे काही नव्हता. एखादा फोन लागतोय का याची वाट बघावी, तसा चेहरा.

“माझं चुकलं असेल,” ती म्हणाली. “नसेल आपला.”

“आपलाच आहे,” धबाक म्हणाला.

पाठीवरच्या थापा थांबल्या. त्यानं घसा खाकरला. दार एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे, त्यानं सांगितलं, माईक चालू होता. आणि मग, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून, “मी ऐकलं होतं. हेडफोन लावले होते ना, अख्ख्या घरात सगळ्यात मोठ्यानं मीच ऐकलं. तीन दिवस कान वाजत होते.”

“मग उठला का नाहीत?”

धबाकनं चष्मेवाल्याकडे बघितलं, लिफ्टवाल्याकडे बघितलं. कुणी मदतीला येईना.

“आधी काटा बघितला.”

“कसला काटा?” चष्मेवाल्यानं विचारलं. त्याला राहवलं नाही.

यंत्राचा काटा, धबाक म्हणाला. आवाज मोठा आला की काटा लाल रेघेपलीकडे जातो, आवाज फाटतो, मग उपयोगाचा राहत नाही. ते बघितलं. मग एकदा ऐकून बघितलं. मग खरं तर आणखी दोनदा ऐकलं, कारण फारच सुंदर आला होता. तोवर खाली गेलो तर रिक्षा निघून गेलेली.

जे कुणी जागा शोधून बसले होते ते उभे राहिले. काकू इतकंच म्हणाल्या, अगबाई. आता याचं काही खरं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. खरी शेवटची मारामारी ही, आणि तीही फुकट.

बायकोनं छातीशी धरलेली पर्स खांद्याला लावली.

“फाटला होता?” तिनं विचारलं.

“नाही. स्वच्छ आला. अगदी काठावर थांबला काटा.”

“किती सिनेमांत घातलात?”

“एकतीस.”

“म्हणजे मी एकतीस माणसं मारली.”

“एकोणतीस,” धबाक म्हणाला. “दोन तिजोऱ्या होत्या.”

तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तो लगेच जागेवर आला. आईच्या ऑपरेशनचं ती काही बोलली नाही. ते तिनं राखून ठेवलं असावं, आणि धबाकलाही ते माहीत होतं. चष्मेवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं की कलमाचं काय करायचं, तर धबाक म्हणाला, कलम घाल चुलीत, मी हरलो. जिंकली ही. बायको म्हणाली, रविवारी साडेआठच्या आत उरका, मला नऊची ड्यूटी आहे.

रविवारी फाटकापाशी ही गर्दी. समोरच्या बिल्डिंगमधूनही लोक आले होते, गॅलऱ्या भरल्या होत्या, कुणी खुर्च्या आणल्या होत्या. चष्मेवाल्यानं जमिनीवर जुनी गादी टाकली, त्याला पंच व्हायचं होतं. धबाकनं रात्रभर तयारी केली होती. थप्पड, लाथ, पोटात गुद्दा, पाठीवर खुर्ची, एकूण सतरा आवाज तोंडानं काढून बघितले होते आणि आरशासमोर पडूनही बघितलं होतं. आपण निदान शेवट तरी असा देऊ की लोक नाव घेतील, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

आठ वाजून वीस मिनिटांनी बायको खाली आली. खांद्याला पर्स, हातात डबा. चष्मेवाल्यानं शिट्टी मारली. धबाक हात पसरून, गुडघे वाकवून, अत्यंत सावकाश डोळे विस्फारत उभा राहिला. गॅलरीतून कुणीतरी ‘वहिनी, पोटात’ म्हणालं.

बायकोनं डबा या हातातून त्या हातात घेतला, पुढे आली आणि त्याचा उजवा कान धरून हळूच पिळला.

आणि धबाकचं तोंड उघडंच राहिलं. कान पिळल्याचा आवाज कसा काढायचा? अठ्ठावीस वर्षांत कुणा व्हिलनचा कान कुणी पिळला नव्हता. टॉवेल नाही, गाजर नाही. त्यानं ‘ढि’ म्हणून बघितलं, ते शोभेना. ‘कर्र’ म्हटलं, ते खुर्चीसारखं आलं. शेवटी त्याच्या तोंडातून जो निघाला तो खराखुरा, अगदी बारीक “आई गं” होता, आणि तो त्यानं काढलेला नव्हता.

बायकोनं कान सोडला. धबाक गादीवर पडला, तोही पटकन, स्लो मोशन विसरून.

“एवढंच?” समोरच्या बिल्डिंगमधून आवाज आला.

कुरकुर सुरू झाली. लिफ्टवाला म्हणाला, याच्यापेक्षा सिमेंटचा कारखाना बरा होता. काही जण खुर्च्या उचलायला लागले. धबाक आडव्यानंच सगळ्यांच्या चपला बघत होता आणि त्याला कळून चुकलं की आयुष्यभर ज्या शेवटांना नावं ठेवली त्या सगळ्यांत टुकार शेवट आपल्या नावावर लागला. उठताही येईना, कारण चष्मेवाल्यानं नियमाप्रमाणे वहीत उतरवून आणलेली पाटी वाचायला घेतली होती. पहिला मजला, घर पहिलं, निवृत्त पोस्टमास्तर आणि कुटुंब.

बायको फाटकाबाहेर गेली. ते फाटक लोखंडी, जड, आणि नीट लावायचं तर दोन हात लागतात. तिनं एकाच हातानं ते ओढलं आणि असं आपटलं की गॅलरीतली कबुतरं उडाली.

पाटी थांबली. सगळ्यांनी धबाककडे बघितलं. तो गादीवर कोपरावर उठला होता, मान वर करून, थेट फाटकाकडे बघत.

“आलं का ऐकू?” ती बाहेरून म्हणाली.

“आलं,” धबाक म्हणाला.

ती बससाठी निघाली. चष्मेवाल्यानं त्याला पायानं ढोसलं, खाली पड, अजून तीन मजले बाकी आहेत. धबाक पडला. त्याचं घर पाटीवर सगळ्यात शेवटी होतं, आणि ते वाचलं गेलं तेव्हा समोर फक्त काकू उरल्या होत्या. त्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या आणि मग, दोन टप्प्यांत, खोकल्या.